सातवी होडी

सहा होड्या नापसंत करून झाल्या होत्या. सातवीतही काहीतरी खोट निघावी अशी इच्छा मनात धरून नाना रविवारी सकाळी साडेआठलाच कपडे करून खुर्चीत बसले होते. लेक आणि जावई गाडी घेऊन यायचे होते दहाला.

"दीड तास आहे अजून," त्यांची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "इस्त्री मोडेल."

"नुसता बसलोय."

"नुसतं बसायला कोणी बूट घालत नाही."

नानांनी पायांकडे पाहिलं आणि वर्तमानपत्र उघडलं. वाचलं काहीच नाही. आठची बस सुटली असेल का, अप्पांना खिडकी मिळाली असेल का, असलेच हिशेब डोक्यात चालले होते. अप्पा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. राहायचा दोन तासांच्या अंतरावर, आणि गेल्या सहा रविवारांपूर्वी त्या दोन तासांना एकोणीस वर्षं लागली होती.

नानांचं कुलपांचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या किल्ल्या घासल्या, अडकलेली दारं उघडून दिली. ओळखीपाळखीचे म्हणायचे, नानांना सगळं उघडता येतं, फक्त भावाचं तोंड सोडून. अप्पा सुतार. एके काळी दोघांची मिळून एक लाकडी होडी होती. दर रविवारी उजाडायच्या आत दोघं पाण्यावर असायचे. गळाला काही लागो न लागो, दुपारपर्यंत परतायचे नाहीत. मग अप्पा एका इस्पितळाच्या दारं-खिडक्यांच्या कामावर सात महिने बाहेरगावी गेले. परत आले तेव्हा खुंटाला दोर होता, होडी नव्हती. नानांनी ती विकली होती.

कारण होतं. अप्पा वारं-वादळ न बघता एकटेच आत खोल पाण्यात जायचे, आणि त्यांची आई ते परत येईपर्यंत दारात बसून राहायची. तिनेच थोरल्याला गळ घातली होती. हे अप्पांना पुढे कळलंही. पण त्यांचं म्हणणं एकच होतं. "विचारलं असतंस तर मीच विकून टाकली असती." आणि नानांचंही उत्तर एकच होतं. "विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास." ही दोन वाक्यं झाली आणि तिसरं झालं नाही. आई गेली तेव्हा दोघे खांद्याला खांदा लावून उभे होते, पण बोलत होते ते शेजाऱ्यांशी. लेकीच्या लग्नात अप्पांनी स्वतः घडवलेलं कपाट पाठवलं, आले, शेवटच्या रांगेत बसले आणि जेवायच्या आधी निघून गेले.

त्या लेकीला सगळे ठकी म्हणत. लहानपणी काकांनी करून दिलेली लाकडाची ठकी, म्हणजे बाहुली, ती काखोटीला मारून हिंडायची, तेच नाव तिला चिकटलं. आता चाळिशीला आली होती. दिवसभर दवाखान्यात लोकांचे गुडघे नि खांदे वाकवून द्यायची. यंदा तिच्या डोक्यात होडीचं खूळ शिरलं. वापरलेलीच, पण चांगली. वडिलांना मासे धरता येतील, पोरं घराबाहेर पडतील, आईला वारा मिळेल. नानांना तिने विचारलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "जुन्या होडीचं वरून काही कळत नाही. ठोकून आतलं सांगणारा एकच माणूस मला माहीत आहे." ठकीने त्याच दुपारी काकांना फोन लावला.

पहिल्या रविवारी अप्पा फक्त होडीशी बोलले. दुसऱ्या रविवारी "चहा घेणार का" इतकं झालं. चौथ्या रविवारी दोघांनी मिळून जावयाची थट्टा केली. नानांना आता शुक्रवारपासूनच रविवार लागायचा.

दहाला ठकी आली ती दारातच उभी राहिली.

"नाना, आधीच सांगते. ही सातवी. मला आठवड्यातून एक सुट्टी मिळते, ती मी होड्यांची पोटं बघण्यात घालवतेय. आज जमलं तर जमलं. नाहीतर हा विषय बंद."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे बोट नको. पोरांना पोहायच्या तलावावर घालते."

"असं तडकाफडकी कशाला," नाना म्हणाले. "नीट बघून घ्यायला नको?"

"माझ्या वेळी इतकं नीट बघितलं असतं," ठकीची आई डब्याचं झाकण दाबत म्हणाली, "तर मी अजून माहेरी असते."

ठकीचा नवरा चित्रकला शिकवायचा, म्हणून घरात सगळे त्याला मास्तर म्हणत. तो हसला. नाना हसले नाहीत. गाडीत बसता बसता त्यांनी हिशेब मांडला. चांगली होडी मिळाली तर रविवार संपले, आणि वाईट निघाली तरी संपले. सकाळी बूट घालताना हे असं दोन्ही बाजूंनी आवळलं जाईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

अप्पा बसथांब्यावर उभे होते. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून बाहेर आलेला लाकडी हातोडीचा दांडा. गाडी थांबताच ते दार उघडून आत आले आणि नानांना म्हणाले, "तू पलीकडे सरक. मला या बाजूला बसू दे."

दर वेळी हेच. गाडीत असो की चहाच्या बाकावर, अप्पा आपली जागा धरून नानांना उठवायचे. लहानपणीही असेच हट्टी होते. नाना सरकले.

"खिडकी मिळाली का बसमध्ये?"

अप्पा समोर बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "वारा पडलाय आज."

बंदराच्या कडेला दलालाचं आवार होतं. तारेचं कुंपण, आत लाकडी ठोकळ्यांवर चढवलेल्या दहा-बारा होड्या, गंजलेल्या नांगरांचा ढीग, आणि सगळीकडे डिझेल नि वाळलेल्या शेवाळाचा वास. दलाल ठेंगणा, बोलघेवडा. सहा होड्या दाखवूनही त्याचा उत्साह तसाच होता.

"या, या. आज तुमच्यासाठी अशी ठेवलीय की नाव ठेवायला जागा नाही. चारला दुसरं गिऱ्हाईक येतंय बघायला, पण मी म्हटलं, आधी आपली माणसं."

होडी पांढरी होती, अठरा फुटांची, वरून फायबरची, आत लाकडाचा गाभा. पुढे चौघांना बसायला गाद्या, वर दुमडता येणारं कापडी छत. मागे मोकळी जागा, मासे ठेवायची झाकणाची पेटी, गळाच्या काठ्या खोचायला दोन्ही कडांना नळ्या. मधल्या पट्ट्यात माणूस उभा राहून वल्हवू शकेल इतकी ती रुंद होती. ठकीने कडेवरून आत पाय टाकला, गादीवर बसली आणि काही न बोलता नुसती वर छताकडे बघत राहिली. नानांनी तिचा चेहरा पाहिला. लहानपणी खेळण्याच्या दुकानात ती असाच चेहरा करायची. मागायची काही नाही, फक्त बघायची.

मास्तरांनी वही काढली. पाण्याच्या पाइपला जोडून दलालाने इंजिन चालू करून दाखवलं. धूर नाही, खडखड नाही. मास्तर मागच्या बाजूला गेले, इंजिनावर अंगाचा भार टाकून दाबलं. ते जिच्यावर टांगलं होतं ती मागची फळी हलली नाही. झाकणं उघडली, तळ कोरडा. नानांनी बिजागऱ्या पाहिल्या, पेटीची कडी पाहिली. गंज नाही. कुलपाचा माणूस असून त्यांना एक कडी सैल सापडली नाही.

दुसरी होडी त्यांनी अरुंद म्हणून मोडीत काढली होती. चौथीला म्हणाले होते, लाल रंगाला मासे बिचकतात. आता काय म्हणावं ते सुचेना. त्यांनी अप्पांकडे पाहिलं.

अप्पांनी पिशवीतलं गोणपाट होडीखाली पसरलं, हातोडी घेतली आणि पाठीवर सरकत आत गेले. बाहेर उभ्या माणसांना त्यांचे फक्त पाय दिसत होते. टक, टक, टक, असा आवाज पुढून मागे जात राहिला, मग मागून पुढे. ठकी होडीतून उतरून आईच्या शेजारी उभी राहिली. बऱ्याच वेळाने अप्पा अर्धे बाहेर आले. कपाळाला घाम होता.

"ओल वाटतेय," ते म्हणाले. "मागच्या बाजूला."

"अहो काका, ओल कसली," दलाल म्हणाला. "दोन वर्षं पाण्यात नाही गेली ती."

"मला वाटतेय."

ठकीने मास्तरांकडे पाहिलं. घरून येताना दोघांचं ठरलं होतं, आज घ्यायचीच. पण मास्तरांनी वही मिटली.

"काका म्हणतात तर असेल. पोरं बसणार आहेत यात. मी नाही जबाबदारी घेणार."

"सहावीलाही ओल, पाचवीलाही ओल," ठकी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "ठीक आहे. मग राहू दे. चला."

ती वळली. पण तिची आई जागची हलली नाही. डब्याची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत ती नानांना म्हणाली, "तुम्ही जा खाली. तुम्ही ऐका एकदा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"जा म्हणतेय ना."

नाना गुडघ्यावर हात टेकून खाली बसले, मग हातांवर आले, मग कण्हत कण्हत आत सरकले. होडीचं पोट नाकापासून वीतभर उंचीवर होतं. अप्पा गोणपाटावर उताणे पडले होते, हातोडी छातीवर धरून.

"कुठे आहे ओल?"

अप्पांनी बोट दाखवलं.

"ठोक."

"ठोकलं मी."

"मला ऐकव."

अप्पांनी ठोकलं. आवाज खणखणीत आला. नानांना होडीतलं काही कळत नव्हतं, पण हा आवाज ओल्याचा नव्हे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्यांनी आणखी दोन ठिकाणी ठोकायला लावलं. तेच. म्हणजे हाही. हाही मुद्दाम खोट काढतोय. यालाही रविवार संपायला नकोत.

ते अप्पांच्या उजव्या अंगाला पडले होते. वर होडीच्या पांढऱ्या पोटाकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, "अप्पा, दुसरी होडी अरुंद नव्हती रे. आणि लाल रंगाला मासे बिचकत नाहीत. मी आपलं उगाच म्हणालो."

अप्पा काही बोलले नाहीत.

"ऐकतोयस का? मी म्हटलं, उगाच म्हणालो मी."

अप्पांनी अख्खं डोकं त्यांच्याकडे वळवलं. "काही म्हणालास?"

त्या वळण्यात नानांना सगळं दिसलं. गाडीत उजवीकडच्या खिडकीची जागा, चहाच्या बाकावरची अदलाबदल, बसबद्दल विचारलं तर वाऱ्याचं उत्तर. हट्ट म्हणून, जुनी अढी म्हणून ते जे जे पोटात घालत आले होते, ते हट्ट नव्हतंच.

"या कानाने ऐकू येतं का तुला?"

अप्पांनी मान परत वर केली. होडीच्या पोटाला सांगितल्यासारखं म्हणाले, "यानं काहीच नाही, दोन वर्षं झाली. डाव्यातही निम्मंच राहिलंय. यंत्राच्या करवतीने खाल्लं. माणसाचं बोलणं समोरून कळतं. पण ठोकलेलं सगळं बद्द वाजतं मला. दगडावर ठोकलं तरी ओला वाटेल."

"मग पहिल्याच रविवारी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या रविवारी कोणी बोलावलं असतं मला?"

नानांनी होडीच्या पोटावरून हात फिरवला.

"पहिली फुगलेली होती, ती डोळ्यांना दिसली. तिसरीचा धूर दिसला. या बाकीच्यांचं मला कळलंच नाही. ठकीची पोरं बसणार. कळत नसताना हो कसं म्हणू? म्हणून नाही म्हणत गेलो."

बाहेर दलाल मास्तरांना इंजिनाची थोरवी सांगत होता. नाना पडून राहिले. खडी पाठीला टोचत होती. चाळीस वर्षांत त्यांनी हजार दारं उघडली असतील, पण पलीकडचा माणूस ऐकूच येत नाही म्हणून दार उघडत नसेल, हे कधी मनात आलं नव्हतं. त्यांना आता सहज म्हणता आलं असतं, हो रे, ओलीच आहे. भावाची लाज राहिली असती. पण मग बाहेर गादीवर बसून छताकडे बघणारा तो चेहरा.

ते कुशीवर वळले, अप्पांच्या समोर तोंड येईल असे.

"तू ठोक. मी ऐकतो. काय ऐकायचं ते सांग मला."

"तुला नाही यायचं ते."

"शिकव."

अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हातोडी उलटी धरली. "कोरडं असलं तर आवाज उडी मारून परत येतो. ओलं असलं तर जागच्या जागी बसतो. इतकंच."

दोघांनी मागच्या टोकापासून सुरुवात केली. अप्पा वीत वीत सरकत ठोकत होते, दुसऱ्या हाताचा तळवा होडीला लावून. नाना म्हणत होते, "उडी. उडी. हीपण उडी." मध्येच ते थांबले. "इथे बसला."

"पुन्हा ऐक." अप्पांनी आजूबाजूला ठोकलं. "रेष धरून बसतोय की पसरून?"

"रेष धरून. या कडेपासून त्या कडेपर्यंत."

"मग बरोबर. आत आडवी दांडी आहे तिथे. तिथे बसायलाच हवा." त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी नानांना तो जुना, पाण्यावरचा अप्पा दिसला. "कान बरा आहे की तुझा."

ठकीचं डोकं वरून उलटं आत डोकावलं. "काय चाललंय दोघांचं? अर्धा तास झाला."

"काम," नाना म्हणाले. डोकं गेलं.

शेवटपर्यंत गेले, पुन्हा मागे आले. कुठेही दुसरा आवाज नव्हता. नानांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "कोरडी आहे."

"नक्की?"

"नक्की. सांग तिला."

"तू सांग. ऐकलंस तू."

"तिने तुला बोलावलंय," नाना म्हणाले. "कानाचं मी कोणाला सांगणार नाही."

"वहिनींना कळलंय," अप्पा म्हणाले. "दुसऱ्याच रविवारी. तेव्हापासून चहा डाव्या बाजूनेच देतात."

बाहेर येऊन अप्पांनी गोणपाट झटकलं, नीट घडी घातली, आणि मग ठकीला म्हणाले, "कोरडी आहे. मघाशी चुकलो मी. दोघांनी मिळून बघितलं."

ठकीने वडिलांकडे पाहिलं. नानांनी मान हलवली. मास्तरांनी वही पुन्हा उघडली. ठकीची आई कोणाकडेच बघत नव्हती. ती डबा उघडायला जागा शोधत होती.

दुपारी दलालाने होडी पाण्यात सोडली. घ्यायच्या आधी एक फेरी मारायचीच, असा मास्तरांचा आग्रह. पुढच्या गाद्यांवर ठकी, तिची आई आणि मास्तर बसले. मागच्या आडव्या फळीवर अप्पा बसले, त्यांच्या उजव्या हाताला उरलेल्या जागेत नाना. डावीकडे मासे ठेवायची पेटी होती. दलाल उभ्याने चाकावर होता.

धक्का मागे पडला. पाण्याचा रंग बदलत गेला. पुढे ठकी आईला काहीतरी सांगत हसत होती आणि वाऱ्याने छत फडफडत होतं. नानांना वाटलं होतं, पाण्यावर आलं की बरं वाटेल. पण पाण्यावर येऊनच जास्त काहूर माजलं. एकोणीस वर्षांचे रविवार असे, या पाण्यावर, कोणी न बसलेले पडून होते. ते कोणाकडून परत आणायचे? शेजारी अप्पा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. त्यांचे केस पार पांढरे झाले होते. ते होताना नानांनी पाहिले नव्हते.

"तुला विचारायला हवं होतं मी," नाना म्हणाले.

अप्पा समोर बघत राहिले. इंजिनाचा आवाज होता, आणि ही त्यांच्या बंद कानाची बाजू.

नानांना वाटलं, झालं, बोलून तर झालं. आयुष्यात एकदा म्हटलं, ज्याला म्हणायचं त्याच्या शेजारी बसून म्हटलं, एवढं पुरे. पण ते पुरेना. ते उठले. होडी एका अंगाला झुकली.

"ओ नाना, बसून घ्या," दलाल म्हणाला.

"अहो, काय करताय?" बायको पुढून म्हणाली.

एक हात छताच्या नळीला, एक अप्पांच्या खांद्यावर, असे ते दुखऱ्या गुडघ्याने भावाच्या समोरून पलीकडे गेले आणि माशांच्या पेटीवर बसले. मग वाकून त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "होडी विकायच्या आधी तुला विचारायला हवं होतं. तू नाही म्हणाला असतास तरी."

एक लाट आली, होडी वर गेली, खाली आली.

"नाहीच म्हणालो असतो," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"खोटंच बोलत आलो इतकी वर्षं. विकून टाकली असती म्हणे. कसला विकतोय." त्यांनी हाताच्या पाठीने नाक पुसलं. "आईला मीच रडवली. तुझ्यावर ढकललं, बरं पडलं."

दलालाने होडी वळवली. धक्का पुन्हा समोर आला, लहान, मग मोठा होत जाणारा. नानांच्या लक्षात आलं, आता काही बोललं नाही तर धक्का लागेल, सह्या होतील, अप्पा पिशवी उचलून बसथांब्यावर जातील.

"अप्पा."

"हं."

"एक विचारू?"

"आता विचार," अप्पा म्हणाले. "वेळेवर विचारतोयस."

"पुढच्या रविवारी येशील? होडी बघायची नाहीये आता. असंच."

अप्पा पाण्याकडे बघत होते. नानांना वाटलं, याही कानाने ऐकलं नाही. पुन्हा विचारावं म्हणून ते वाकले, तेवढ्यात अप्पा त्यांच्याकडे वळले.

"कितीची बस धरू?"

"नऊची," नाना म्हणाले. "आठच्या बसला गर्दी असते. उभ्याने यावं लागतं."